सोपाऱ्याला समुद्र नव्हता

यंदाही बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतून टेंपो निघाला. खोपोलीच्या अलीकडे, जुन्या हमरस्त्याला लागून आमची वस्ती. टेंपो रस्त्यावरच उभा राहतो आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका, झेंडे, पोरंटोरं, पाण्याच्या कळश्या, जेवणाचे डबे असं सगळं त्यात चढतं. कुठं चाललंय? सोपाऱ्याला, स्तूप बघायला. दरवर्षी शेजारची सून दारात येऊन विचारते, "बाई, तुमी नाय येत? तुमी तर पोरांना शिकवता ना त्याचं!" दरवर्षी मी सांगते, गुडघे दुखतात गं माझे. अजून चाळिशी गाठली नाही मी आणि गुडघे चांगले ठणठणीत आहेत. पण त्या पोरीला दुसरं सांगू तरी काय?

शिकवते, हे खरं. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मास्तरीण आहे मी. इतिहासाच्या तासाला जुन्या बंदरांची नावं येतात. सोपारा, कल्याण, चौल. गलबतं यायची, दूरदेशांशी व्यापार चालायचा, माल घाटावर जायचा, एवढंच काय ते. पोरं ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि एखादं तरी आगाऊ कार्टं विचारतंच, "बाई, आता तिथं काय हाय?" मी म्हणते, "धडा संपला. गणिताची पुस्तकं काढा." वर्गाला वाटतं, बाईंचं डोकं फिरलंय. फिरलेलंच असतं. 

मी सोपारा पाहिलंय. वस्तीतून पहिल्यांदा तिथं कोण गेलं असेल, तर आम्ही. आई, बा, मी आणि माझा धाकटा भाऊ. टेंपोतल्या बायकांना हे ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि राहिलेल्यांपाशी आई कधी बोलली नाही.

नागपूरला दीक्षा झाली आणि मागोमाग आमच्या वस्तीनंही घेतली. मी सात-आठ वर्षांची असेन. मला आठवतात त्या टोपल्या. घराघरातून देव बाहेर निघाले होते. देव म्हणजे टाक, पितळेच्या पत्र्यावर ठोकून काढलेली बोटाएवढी मूर्ती. कुणाकडे दोन, कुणाकडे पाच. म्हाताऱ्या रडत होत्या, बाप्ये घोषणा देत होते, आणि आम्ही पोरं टोपल्यांमागून पळत होतो. सगळे देव पाताळगंगेत सोडले. पाणी कमरेच्या वर होतं, बुडबुड करून गेले खाली. बा काठावर उभा राहून मोठ्यानं हसला. त्याला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "सुटलो गं," तो आईला म्हणाला, "पिढ्यान्‌पिढ्यांचं वझं उतरलं."

पण आमची नदी साधी नव्हे. घाटमाथ्यावरच्या तळ्यांचं पाणी मोठाल्या नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरतं, तिथली चाकं फिरवतं आणि मग आमच्या नदीत पडतं. वीजघर चालू असलं की भर उन्हाळ्यात नदी काठोकाठ, आणि थांबलं की दगड उघडे. रविवारी कारखान्यांना सुट्टी, मग विजेला मागणी कमी, मग नदीही सुट्टीवर. आमच्या बायका घोंगड्या-गोधड्या धुवायला रविवारची वाट बघायच्या, कारण मधल्या सपाट दगडांवर आपटायला तेव्हाच मिळायचं. पाणी कधी चढणार, कधी उतरणार, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगायचं. आणि एवढं ठाऊक असून त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही! आनंदाच्या भरात होते सगळे.

रविवारी बायका धुणं घेऊन गेल्या. मी आईबरोबर होते. बघतो तर काय, दगडगोट्यांत देव पडलेले. उताणे, पालथे, एकमेकांवर, सगळ्या वस्तीचे एकत्र. ऊन पडल्यानं चकाकत होते.  मग एकजण फिसकन हसली, "अगं बया, हे तर गेलेच नाय!" कुणी खाली मान घालून धुणं सुरू केलं, कुणी पायानं देव पुढच्या डबक्यात लोटले. आईनं मात्र वाकून वाकून आमचे शोधले. ओळखले तिनं बरोबर. इतकी वर्षं रोज घासून पुसलेले ते, ओळखणार नाही तर काय! पदराच्या गाठीत बांधून तिनं ते घरी आणले.

आईला देव हवेच होते, असं कुणी समजू नये. तिनंही दीक्षा घेतली होती, त्रिशरण तिला बाच्या आधी पाठ झालं होतं. पण तिचं म्हणणं एकच होतं. "नको तर नको. पन जायचं तर नीट जाऊ द्या की त्यांना. परत आलेल्याला दारात उभं ठेवत्यात का कुनी?" बा चिडला. बाहेर फेकायला निघाला आणि आई दारात आडवी झाली. शेवटी दोघांचंही चाललं नाही. पूजा नाही आणि विसर्जनही नाही. देव फडक्यात बांधून आढ्याला टांगले गेले. ते तसेच दोन-तीन वर्षं लोंबकळत राहिले.

बा खोपोलीच्या एका कारखान्यात हमाली करायचा. लिहायला जेमतेम येत होतं, पण ऐकलेलं विसरायचा नाही. एकदा वस्तीत भंते आले होते. त्यांनी सांगितलं की समुद्रकाठी सोपारा नावाचं केवढं तरी मोठं बंदर होतं. हजारो वर्षांपूर्वी तिथं स्तूप उभा राहिला, सम्राटानं धम्माचे शब्द दगडावर कोरून घेतले, तिथून गलबतं दूरदेशी जायची, आणि खाली उतरलेला माल बैलांच्या पाठीवर बोरघाटानं वर जायचा. बोरघाटानं! म्हणजे आमच्या दारावरून. बाच्या अंगात काय संचारलं देव जाणे. देव म्हणायची सवय अजून जात नाही बघा मेली.

मग सुरू झालं त्याचं बंदर. जेवताना बंदर, अंघोळीला बंदर. मुंबईहून घाटात चढणारा ट्रक दिसला की म्हणायचा, "ह्यो रस्ता काय आजचा हाय? आपल्या बंदराचा रस्ता हाय ह्यो." आपलं बंदर! ज्या माणसाला गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, ज्याला चहा बशीत वरून ओतायचे, त्याचं बंदर. एकदा सुट्टीच्या दिवशी त्यानं आम्हाला कर्जतला नेलं, तिथून चालवत चालवत कोंडाण्याच्या लेण्यात. पाय मोडले माझे. वाटेत भेटलेला गुराखी म्हणाला, पांडवांनी एका रात्रीत खोदलंय. बा त्याच्यावर केवढ्यानं डाफरला! "पांडवांचं नाय, आमचं हाय." आत गेल्यावर कोरलेल्या सज्जाखाली तो कितीतरी वेळ मान वर करून उभा होता. आईनं शेवटी भाकऱ्या सोडल्या आणि म्हणाली, "दगडानं प्वॉट भरलं असंल तर राहू द्या." तेव्हा हसला आणि खाली बसला. माझा भाऊ तिथं दगडी खांबांभोवती गोल गोल धावत होता. चार वर्षांचा होता तो. घशातून किंचाळायचा आणि आवाज घुमला की खदाखदा हसायचा.

पुढच्या पौषात त्याचा घसा धरला.

आधी सर्दी वाटली, मग ताप चढला. आवाज बसला, गिळवेना. आईची हळद झाली, काढा झाला, सुंठ उगाळून झाली. वस्तीतली एक म्हातारी आढ्याकडे बघून म्हणाली, "मधी टांगून ठेवलंत ना त्येंना, मग दुसरं काय व्हनार?" बानं तिला घराबाहेर काढलं. पण आईच्या मनात ते शिरायचं ते शिरलंच. खोपोलीच्या डॉक्टरनं चमच्यानं जीभ दाबून आत बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या, उद्याच्या उद्या दाखवा. कारखान्यात बानं रजा मागितली. एक दिवसाची मिळाली.

त्या संध्याकाळी आमच्या चुलीपाशी जे ठरलं, ते ऐकायला मी होते. आई म्हणाली, "इस्पितळात जायच्या आदी हे देव वाटंला लावा. त्याबिगर माज्या पोराला कुनाचा हात लागायचा नाय." बा म्हणाला, "नदीत टाकतो सकाळी." आई म्हणाली, "नदी परत देती. नदीत नाय. समुद्रात, खोल पान्यात." बानं चुलीत लाकूड सारलं. मग त्याचे डोळे एकदम उजळले. ते मी पाहिले, आणि इतक्या वर्षांत ते डोळे काही मला विसरता आलेले नाहीत. तो म्हणाला, "सोपाऱ्याला जाऊ. आपल्या बंदरावर. सकाळी पहिल्या गाडीनं निघायचं, तिथं समुद्रात सोडायचं, माघारी फिरायचं आन् दुपारच्याला इस्पितळ. एका फेरीत दोन्ही व्हतंय." आईनं मान डोलावली. तिला देव जायला हवे होते, त्याला बंदर बघायचं होतं, आणि दोघांच्या मधे पोरगं गोधडीत घरघरत झोपलं होतं.

कुणी म्हणेल, दादरला काय समुद्र नाही? स्टेशनात उतरून चालत गेलं की समुद्र, आणि इस्पितळही तिथून जवळच. मीही हेच म्हणते. वर्षानुवर्षं मनातल्या मनात बाशी भांडत आले, की बाबा रे, दादरला समुद्र होता, लाटा होत्या, खोल पाणी होतं, दहा वाजायच्या आत पोर डॉक्टरच्या हातात असतं! पण बानं दादरचा समुद्र पाहिला होता. दीक्षेनंतरच्याच डिसेंबरात, सगळं पोरकं झालं त्या दिवशी, तो खोपोलीहून धावत गेला होता आणि त्या वाळूत लाखो माणसांबरोबर उभा राहून रडला होता. त्या जागी चिता पेटली होती. त्या पाण्यात तो हे टाक टाकेल? जीव गेला असता तरी टाकले नसते. आईला दादरला समुद्र आहे हेच माहीत नव्हतं. बाला माहीत होतं आणि तो बोलला नाही. आता सांगा, मी कुणाशी भांडू?

पहाटे निघालो. कर्जतला गाडी बदलताना भाऊ जरा हुशार वाटला. फलाटावरचा गरम वडा बघून त्यानं बोट दाखवलं. बानं लगेच घेऊन दिला आणि आईला म्हणाला, "बघ, भूक लागलीया. उतरतंय दुखणं." भावानं तो वडा खाल्ला नाही, नुसता हातात धरून बसला. दादर आलं. गाडी बदलायला पूल चढलो, उतरलो. भाऊ माझ्या कडेवर होता, आई देवांचं गाठोडं पोटाशी धरून पुढे. इस्पितळाकडे जायचं दार कुठल्या बाजूला ते बाला ठाऊक होतं, कारण पुलावरून त्यानं तिकडे एकदा पाहिलं. मग विरारची गाडी आली आणि आम्ही चढलो.

नालासोपारा तेव्हा अगदीच खेडं. स्टेशनाबाहेर केळीच्या बागा, पानवेली, विहिरीवर फिरणारा रहाट. बा भराभर पुढे चालला होता, मान ताठ. भेटेल त्याला विचारत होता, स्तूप कुठाय? कुणाला कळेना. शेवटी वाडीत पाणी शिंपणारा एक माणूस म्हणाला, "तो बुरूड राजाचा कोट का? त्या झाडीत जा." बुरूड राजा म्हणजे कोण, बानं विचारलं. टोपल्या विणणारा राजा होता म्हणे एक, त्याचा तो कोट. बा तसाच झाडीकडे वळला.

झाडीत एक उंचवटा होता, एवढंच. माती, विटा, वर गवत, आणि त्या गवतात दोन बकऱ्या. कोंडाण्याला निदान खांब होते, सज्जे होते, मान वर करावी असं काही होतं. इथं मान खालीच घालावी लागत होती. पण बानं वहाणा काढल्या, गुडघे टेकले, वंदना म्हटली. आम्हीही म्हटली. चिमूटभर माती त्यानं रुमालात घेतली. उठताना म्हणाला, "लई जुनं हाय ना, म्हनून असं दिसतंय. बंदर बघू चल." आवाज त्याचा होता, पण त्यातला जोर कमी झाला होता.

बंदर! वाडीवाला हसला. "बंदर वसईला, दादा. हिथं कुठलं? म्हातारे सांगत, पूर्वी खाडी होती, होड्या लागायच्या. गाळानं भरली कधीच. समुद्र पाहिजे तर तिकडं कळंबला जा, लांब आहे." बा म्हणाला, खाडी तर दाखव. त्यानं हातानं दिशा दाखवली आणि आम्ही चालू लागलो. बांधावरून, मिठागरांच्या कडेनं, तिवरांच्या झुडपांतून. भाऊ आता आईकडे होता, आणि श्वास घेताना त्याच्या गळ्याची खळगी आत आत जात होती. मी दोनदा म्हटलं, "बा, घरी चल." दोन्ही वेळा त्यानं ऐकलं नाही.

झुडपं संपली आणि समोर चिखल आला. नजर पोचेल तिथवर काळा, भेगाळलेला, वास मारणारा चिखल, मधोमध ओहोळाएवढी पाण्याची रेघ. हेच ते! गलबतं इथंच यायची, सम्राटाची माणसं इथंच उतरायची. डोंबलाचं बंदर! आईनं विचारलं, "पानी कुठं हाय?" बा म्हणाला, "येल. भरती येल आता." आणि तो बांधावर बसला.

तिथं तो का बसला, हे आमच्या नदीकाठच्या माणसालाच कळेल. त्याच्या लेखी पाणी म्हणजे वेळेवर सुटणारं. वीजघराची चाकं फिरली की पाणी चढतं. सकाळ झाली, कारखाने सुरू झाले, की येतंच. जन्मभर त्यानं तेच पाणी पाहिलं होतं. समुद्र आमच्या नदीसारखा भोंग्यावर चालत नाही, हे त्याला कोण सांगणार? तो मला म्हणाला, "बारा वाजता येल बघ." बारा वाजून गेले असतील, कारण सावल्या पायात आल्या होत्या आणि मग त्या दुसरीकडे पडायला लागल्या. मिठागरातून घरी निघालेला एक म्हातारा थांबला. विचारलं, कसली वाट बघताय? भरतीची, बा म्हणाला. म्हातारा म्हणाला, "आज अष्टमी. भांगाचं पानी, जोर नसतोय त्याला, दिवेलागनीला चढंल, तेबी हिथवर नाय यायचं. उधानाला या." आणि पोराकडे बघून म्हणाला, "ह्याला काय झालंय रं?"

तेव्हा आई उठली. पोर तिनं माझ्या मांडीवर दिलं, लुगडं वर खोचलं आणि ती त्या चिखलात शिरली. गुडघ्यापर्यंत रुतली तरी पुढे जात राहिली. बा हाका मारत होता, "अगं, माघारी फिर, रुतशील!" ती पाण्याच्या त्या रेघेपाशी पोचली, गाठोडं सोडलं. पाण्यात टाकलेले देव दिसत राहिले असणार, कारण ती खाली वाकली आणि एकेक टाक हातानं चिखलात दाबू लागली. कोपरापर्यंत हात घालत होती. काय पुटपुटत होती ते मला ऐकू आलं नाही. बानं तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा दोघंही काळे झाले होते. भाऊ माझ्या मांडीवर तोंड उघडून वर बघत होता, आणि त्याचे ओठ निळे पडले होते. आईनं त्याला पाहिलं आणि किंचाळली. मग आम्ही धावलो.

एवढ्यापाशी आले की मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानाही. मग इकडचं तिकडचं काहीतरी आठवत बसते.

अलीकडेच आमच्या शाळेतून बदलून गेलेल्या एका बाईनं नालासोपाऱ्याला खोली घेतली. मुंबईत परवडत नाही, पनवेलला नवऱ्याला लांब पडतं, म्हणून तिथं. "बाई, यायचंच वास्तूला," म्हणून हट्ट धरला, आणि तिचं मन मोडवेना म्हणून गेले. त्यामुळे आता मी दोनदा पाहिलंय सोपारा. रहाट नाही, पानवेली नाहीत. बिल्डिंगीला बिल्डिंग लागलेली, रस्त्यात सांडपाणी, नळाला दिवसाआड पाणी. तिच्या गॅलरीतून खाली बघितलं तर भराव टाकलेली मोकळी जागा आणि तिच्या कडेला चार तिवरं. मी विचारलं, हे काय होतं आधी? तिचा नवरा म्हणाला, "काही नाही हो, खाजण होतं, खाडीचा चिखल. बिल्डरनं माती टाकून घेतली." त्या मातीवर पाया खणायचं काम चाललं होतं. मी पेढा हातात घेऊन तशीच उभी होते. तिनं विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, ऊन लागलं. हजारो वर्षांपूर्वी इथं गलबतं यायची, हे मी तिला सांगितलं नाही. ज्याचा माणसाला काही उपयोग नाही, असल्या मोठेपणाचं करायचं काय?

घरात त्या दिवसानंतर बंदराचं नाव निघालं नाही. देवही परत आले नाहीत; आईनं आढ्याकडे कधी बघितलं नाही. वंदना दोघंही म्हणत राहिले, वस्तीत विहार झाला तेव्हा बानं डोक्यावर विटा वाहिल्या. धम्मावर त्याचा राग नव्हता. राग कशावर होता ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही. हमरस्त्यावर ट्रक दिसला की तो घरात जायचा. बडबड्या माणूस, पण पुढली वीस वर्षं बोललेले त्याचे शब्द मी मोजून सांगू शकेन. आईनं त्याला बोल लावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. मीच लावायला हवा होता. पण त्याच्या समोर गेलं की जीभ उचलायची नाही, आणि मग तो गेलाच. आता त्याच्यावर ओरडावं तर तो नाही, आणि आईपुढे विषय काढावा तर ती उठून आत जाते. इतकं सगळं आत घेऊन माणसानं जगायचं तरी किती?

इस्पितळात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. भाऊ बाच्या खांद्यावर होता. दारातल्या नर्सनं त्याला बाच्या हातातून हिसकावूनच घेतलं आणि आत पळाली. आईला म्हणाली, "तुम्ही आधी हात धुऊन या." आई नळाखाली हात धरून उभी राहिली. चिखल वाळून चामडीला चिकटला होता, निघता निघेना. मी तिचे हात चोळत होते आणि ती सारखी दाराकडे बघत होती.

हात धुऊन होईपर्यंत आम्हाला आत बोलावलं. उंच लोखंडी खाटेवर तो निजला होता. घरघर थांबली होती. मला वाटलं, बरं वाटलं त्याला. आईला मात्र बघताक्षणी कळलं. ती आवाज न करता खाटेशी गेली आणि त्याचं पाऊल हातात धरून बसली.

डॉक्टर तरुण होता. घाम आला होता त्याला. रागावलेला होता, आणि तो राग कुणावर काढावा हे त्याला कळत नसावं. बाला म्हणाला, "सकाळी आणायचं होतं. घटसर्प हा, सकाळी आणलं असतं तर सुई देता आली असती. कुठून आलात?"

"खोपोली," बा म्हणाला.

"खोपोलीहून पहाटे गाडी असते. दिवसभर होतात कुठं तुम्ही?"

बानं तोंड उघडलं.  ज्या माणसानं आख्ख्या वस्तीला ते बंदर सांगून सांगून पाठ करून दिलं होतं, त्याला त्याचं नाव घेता येईना. तो नुसता डॉक्टरकडे बघत राहिला. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, "काय हो, कुठं होतात?"

तेव्हा आई बोलली. पोराचं पाऊल तिच्या हातातच होतं. मान वर न करता म्हणाली, "त्येंना नका इचारू, दादा. आमी आमच्या बंदरावर गेलो व्हतो. लई मोठं बंदर हाय ते. बघता बघता उशीर झाला."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, बाकडे पाहिलं आणि तो पुढल्या खाटेकडे वळला.